सव्वाआठची नोंद

प्रिय दादा,

तुला पहिल्यांदा तपासणाऱ्या त्या डॉक्टरांना आज पुन्हा भेटून आले. त्यांच्या कागदावर लिहिलंय, 'सेरेब्रल पाल्सी. हातापायांत कमजोरी, जुनीच.' जुनीच. पंचवीस वर्षं ज्या डाव्या हाताने तू छापखान्यातली प्रुफं तपासलीस, माझ्या पत्रांतलेही ऱ्हस्व-दीर्घ लाल केलेस, तो हात त्यांनी एका ओळीत निकालात काढला.

त्या दिवशी साडेअकराला आपण हॉस्पिटलात पोचलो. मी तीनदा सांगितलं, उजवा हात जन्मापासून असा आहे, डावा कालपर्यंत धडधाकट होता. तुझ्याकडे न बघताच ते मला म्हणाले, "अहो ताई, या पेशंटांचं असंच असतं." तू काहीतरी सांगत होतास. तुझं बोलणं कळायला जरा थांबावं लागतं, तेवढंही कुणी थांबलं नाही. चार तास बाकावर. स्कॅनमध्ये स्ट्रोक दिसल्यावर तेच गृहस्थ म्हणतात, "लवकर आणायला हवं होतं."

आणि बीपी. उजवा हात आखडतो, पट्टा नीट बसत नाही, आणि डाव्यावर बांधून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून कित्येक वर्षं ते कुणी मोजलंच नाही. आता नव्या डॉक्टरीणबाई सांगतात, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना स्ट्रोकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, बीपीवर लक्ष हवंच होतं. मग इतकी वर्षं सगळे नुसती तुझी चाल काय बघत बसले होते? पण "राहू द्या, त्याला त्रास होतो" असं म्हणणारी मीच होते, हेही लिहायला हवं.

कुणाकुणावर चिडायचं याची यादी मनात रोज करते. त्यात एक नाव टाळत आले.

त्या सकाळी सव्वाआठला तुझ्या हातून कप पडला. डाव्या हाताला तू साहेब म्हणायचास, उजव्याला पाहुणा. म्हणालास, "साहेब आज रजेवर." मी हसले. फरशी पुसली, नेहमीसारखं वेळ लिहून तुझं वाक्य माझ्या डायरीत उतरवलं आणि ऑफिसला गेले. अकराला शेजारच्या काकूंचा फोन आला. तू घाबरून तसं बोललास का, हे मी विचारलंच नाही.

त्या डॉक्टरांविरुद्धच्या माझ्या तक्रारीवर सोमवारी चौकशी आहे. तुझा हात आधीपासूनच असा होता, असं त्यांचं म्हणणं. तो त्याच सकाळी गेला, याचा लेखी पुरावा म्हणजे डायरीचं ते एकच पान. मी किती वेळ वाया घालवला, तेही त्याच पानावर आहे. दोनदा फाडायला घेतलं. तुला न सांगता तक्रारीला जोडणंही पटेना. उद्या नर्सबाई हे पत्र तुला वाचून दाखवतील, मी दाराबाहेर असेन. आधी माझ्यावर हवं तेवढं चीड. मग सांग, पान जोडू का? शब्द आता फुटत नाहीत, म्हणून हो असेल तर पाहुण्याचं एक बोट हलव, नसेल तर डोळे मिटून घे. कितीही वेळ लागू दे, मी थांबेन.

तुझीच,
डायरीवाली