आठ नातेवाइकांचा अष्टपैलू नट

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या आणि आता दाढी उतरवून माणसात आलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागे सांगितलं होतंस, पण मी विसरलो. दोन्ही वेळा दुखत असेल तर डॉक्टर बदल. दुकान कसं चाललंय हे विचारत नाही. चष्म्याच्या दुकानाला कसली आलीय मंदी, लोकांचे डोळे काही बिघडायचे थांबत नाहीत. (बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना, एवढं कळव.) पत्रास कारण एकच. सुटलो, आत्या.

काल तुझा फोन आला तेव्हा मी मेकअपच्या खोलीत होतो. "तुझा पिक्चर बघून आलो, मी आणि तुझे बाबा," असं तू म्हणालीस आणि मी मटकन खाली बसलो. खाली खुर्ची होती हे नशीब, पण खुर्चीवर माझीच खोटी दाढी गोंद लावून उलटी ठेवली होती. मेकअपवाला आला, दाढी सापडेना, त्याने सगळ्यांवर आळ घेतला आणि शेवटी मला दुसरी चिकटवली. शॉट असा होता की कॉलेजचे कडक प्राचार्य, म्हणजे मी, पोरांना झापून पाठ फिरवून निघून जातात. झापलं झकास. पाठ फिरवली आणि पहिली दाढी सगळ्या कॉलेजाला दिसली. कॅमेरामन हसून हसून कोपऱ्यात जाऊन बसला. एरवी मी दोन दिवस तोंड लपवलं असतं, पण काल मला कशाचंच काही वाटलं नाही, कारण तोवर तुझं पुढचं बोलणं ऐकून जीव भांड्यात पडला होता. फोनवर मात्र एवढं सगळं सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

मी इतका का घाबरलो होतो ते तुला ठाऊक नाही. सांगतो, पण आधी थोडं मागे जावं लागेल, आणि तू मध्ये उठून गॅस बंद करून ये.

या धंद्यात आधी मी नाही, माझे हात आले. एका देखण्या नटाचे हात कॅमेऱ्यासमोर लटलट कापायचे, म्हणून साबणाच्या जाहिरातीत चेहरा त्याचा आणि हात माझे. (दुकानात बाबांनी लहानपणापासून चष्म्याचे ते मुंगीएवढे स्क्रू बसवायला शिकवलं. हात स्थिर ठेवायची विद्या त्यांची.) मग एका मालिकेत पाठमोरा शेजारी झालो. तोंड दाखवायची वेळ आली ती एक म्हातारी नटी ऐनवेळी रुसून घरी गेली म्हणून. दिग्दर्शकाने माझ्या डोक्यावर पांढरा विग घातला आणि म्हणाला, उभा राहा. मला म्हातारी येते कुठे? मला तू येतेस. दार न वाजवता आत शिरलो, ओट्यावरच्या भांड्यांची झाकणं उघडून पाहिली, "मी आपली काही बोलत नाही हं" म्हटलं आणि पुढे सुटलो तो थांबलोच नाही. एका दिवसाचं काम मालिका संपेपर्यंत चाललं. तूच तेव्हा मला म्हणाली होतीस, "कसली आगाऊ म्हातारी रे ती, असल्या बाईला घरात घेऊ नये." मी हो ना, हो ना केलं.

तिथून माझी पद्धत ठरून गेली. भूमिका मिळाली की मी घरातला माणूस शोधतो. तो घाबरट हेडक्लार्क म्हणजे आपले थोरले काका. त्यांनी तो पाहून मामांची टिंगल केली. बढाईखोर विमा एजंट म्हणजे मामा, आणि त्यांना त्यात काका दिसले. पेपरवाले मला अष्टपैलू म्हणतात. अष्टपैलू कसला, आठ नातेवाईक आहेत, इतकंच. स्वतःला कोणी ओळखत नाही, म्हणून माझं पोट चाललंय. (बाबांना मात्र मी कधी हात लावला नव्हता. त्यांची नक्कल करायला गेलो की मध्येच सोडून द्यायचो.)

आणि मग हा पिक्चर आला. काम गुंडांच्या म्होरक्याचं. मी डोळे वटारले, टेबलावर मूठ आपटली, ओरडून पाहिलं. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, तुमची दाढ दुखतेय का? संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर दुसरा नट आणणार, हे त्याने मला ऐकू जाईल असं दुसऱ्याला सांगितलं. तेव्हा मला आपलं दुकान आठवलं. 'मी दुकान सोडतो, सिनेमात जातो,' असं मी बाबांना सांगितलं तो दिवस. तू आतल्या खोलीत होतीस. ते ओरडले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्या 'बरं'नंतर ते आजपर्यंत माझ्याशी बोललेले नाहीत. मी पुढच्या टेकला तेवढंच केलं. चष्मा काढला, पुसला, घातला, बरं. समोरचा नट स्वतःचं वाक्य विसरला आणि चहा वाटणारा जागच्या जागी थांबला. आता रस्त्यात लोक मला 'बरं' म्हणतात, भाजीवाला तर सुटे नसले की तेच म्हणतो. (लोकांना खलनायक दिसला. मला त्या वेळी फक्त बाबा दिसत होते.)

आता कळलं ना? त्यांच्या आयुष्यातला तो क्षण मी गावभर पडद्यावर लावला, आणि तू त्यांना हाताला धरून तिकीट काढून तिथे नेलंस. आता दार कायमचं बंद, असं मला वाटलं. आणि तू काय सांगितलंस, तर ते शेवटपर्यंत बसले, बाहेर आले आणि म्हणाले, "एका दांडीला धरून चष्मा काढतात का कधी? फ्रेम वाकते. आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसतो गाढव, ओरखडे पडतील." बस. ओळखलंच नाही त्यांनी स्वतःला. काकांसारखे, मामांसारखे, तुझ्यासारखेच निघाले. गाढव म्हणाले, म्हणजे माझ्याबद्दल निदान बोलले तरी. काल मी पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

(सकाळी उठलो आणि आठवलं. सदऱ्याच्या टोकाने मी उगाच नाही पुसला. त्या दिवशी बाबांनी तसाच पुसला होता, आणि एका दांडीला धरूनच काढला होता. जन्मभर गिऱ्हाइकांना नको नको म्हणणारा माणूस. म्हणजे त्यांचे हात त्यांच्या ताब्यात नव्हते. मला इतकी वर्षं तो राग वाटला.)

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक दे.

तुझा,
गाढव

ता. क. : हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

ता. क. दुसरा : नवा पिक्चर मिळालाय. यात मी बाप आहे, मुलगा घर सोडून गेलाय. दिग्दर्शकाकडून एक आठवडा मोकळा मागून घेतलाय. मी घरी आलेलं चालेल का, हे बाबांना विचार. चष्मा नीट काढायला शिकायचंय म्हणतो, असं सांग. पत्र मिळेल त्याच दुपारी सांग, ते जेवून बसलेले असताना.

ता. क. तिसरा : दाखवू नकोस म्हटलं ते रद्द. वाचून दाखव, फक्त कंसातलं गाळ.

ता. क. शेवटचा : पाकीट बंद करण्याआधी सगळं परत वाचलं. फक्त कंसातलं वाच.