फ्रिजवरचा कॅमेरा

७ सप्टेंबर २००९, सोमवार
रोजनिशी सुरू. शास्त्रीय कामाला नोंदी हव्यात.

संकल्प: हरणांचे फोटो काढणारा कॅमेरा घरीच बनवायचा. झाडाला बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो. दुकानातून असला कॅमेरा आणणारे लोक आळशी. शेजारच्या लायलने आणला आहे. लायलने जन्मभर दुधाचा टँकर चालवला, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही. मी पेपर मिलमधला मेकॅनिक आहे. म्हणजे होतो. मिल मार्चमध्ये बंद झाली. तेव्हापासून जरा विश्रांती चालू आहे.

बायको, मार्लिस, ऑगस्टपासून ओ क्लेअर शहरात बहिणीकडे आहे. बहिणीचा, आर्डिसचा, गुडघा दुखतो. जाताना मार्लिस म्हणाली की या घरात काम करणारा एकटा फ्रिजच आहे आणि तिला त्याच्याशी बोलायचा कंटाळा आला. आर्डिसच्या गुडघ्याचं तिने फारच मनाला लावून घेतलेलं दिसतं.

११ सप्टेंबर
चर्चच्या जुन्या बाजारातून डिजिटल कॅमेरा आणला. सेन्सर आणि त्याचं सर्किट टपालाने आलं. गरम आणि हलणारी वस्तू समोर आली की सेन्सर जागा होतो आणि कॅमेऱ्याचं बटण दाबतो. सोपं आहे. पेटी म्हणून मार्लिसचा केकचा डबा घेतला. झाकण घट्ट, पाणी शिरत नाही. ती घरात नसल्यामुळे तिची हरकत नाही.

कॅमेरा कोणासाठी ते लिहून ठेवतो. आमच्या मागच्या जंगलात एक मोठा शिंगवाला नर आहे. त्याचं नाव जावई. नाव मार्लिसने ठेवलं. रात्रीचा येतो, तिच्या परसातलं सगळं खातो आणि कोणाला तोंड न दाखवता जातो. आम्हाला मूलबाळ नाही, पण जावई आहे. त्याचा फोटो फ्रिजला चिकटवायचा. मार्लिस येईल, बघेल, विषय संपला.

१३ सप्टेंबर
कॅमेरा उघडला. फ्लॅशसाठी आत विजेचा साठा असतो, आणि बॅटरी काढली तरी तो तसाच राहतो. हे मला माहीत होतं असं नाही. उजवा हात कोपरापर्यंत झणझणला. टेबलावरचा कप फुटला. पाच मिनिटं जमिनीवर बसून होतो. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी काहीतरी जाणवलं.

१९ सप्टेंबर
कॅमेरा नंबर एक ओढ्याकाठच्या वाटेवर बांधला. डब्याला रंग दिला, वर झाडाची साल चिकटवली. इतकं बेमालूम काम झालं की आज संध्याकाळी मलाच तो सापडला नाही.

२१ सप्टेंबर
सापडला. कार्ड गच्च भरलेलं. सगळे फोटो एकाच झुडपाचे. ऊन, वारा आणि तापलेली पानं. सेन्सर फारच हुशार आहे, हाच त्याचा दोष. शेवटच्या फोटोत मात्र मोठी तपकिरी पाठ! जावईच असणार.

२२ सप्टेंबर
पाठ माझी आहे. तपकिरी जाकीट घालणं बंद.

२७ सप्टेंबर, रविवार
मार्लिसला फोन केला. काय करतोस म्हणाली. शास्त्रीय काम म्हणालो. जेवलास का म्हणाली. मी सूप म्हणालो. डब्यातलं का म्हणाली. मग आर्डिसने हाक मारली.

फ्रीझरमध्ये मागच्या वर्षीच्या हरणाच्या मांसाचं शेवटचं पुडकं आहे. ते कितीही भूक लागली तरी काढायचं नाही. शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी मार्लिस दरवर्षी त्याचा राजमा घातलेला झणझणीत रस्सा करते. मोठं पातेलं भरून. लायलपण येतो. ते पुडकं आहे तिथे आहे, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

२ ऑक्टोबर, शुक्रवार
लायलबरोबर क्लबात तळलेला मासा. त्याने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. जावई! लायलच्या गोठ्यामागे, भर उजेडात, शिंगं झाडाच्या फांद्यांएवढी, कॅमेऱ्याकडे बघत उभा. मी म्हणालो, फोटो जरा पिवळट आलाय.

तू कॅमेरा बघायला किती वेळा जातोस, लायलने विचारलं. मी रोज म्हणालो. लायलने काटा खाली ठेवला. अरे बाबा, म्हणाला, हरणाला नाक असतं. महिन्यातून एकदा जायचं, रबरी बूट घालून, गुपचूप. तू तर पेपर टाकणाऱ्या पोरासारखा रोज दारात उभा. मी हरीण असतो तर घर बदललं असतं.

बोलण्यात तथ्य असू शकतं. निश्चय: आता दोन आठवडे ओढ्याकडे फिरकायचं नाही.

३ ऑक्टोबर
गेलो. हरणं आता न घाबरता येतात का, एवढंच बघायला. येत नाहीत.

८ ऑक्टोबर
नंबर एक अस्वलाने फोडला. डब्याला अजून मार्लिसच्या दालचिनीच्या केकचा वास होता म्हणे. म्हणे म्हणजे लायल म्हणे. कार्ड वाचलं. पहिल्या फोटोत नाक, दुसऱ्यात जीभ, मग नुसता अंधार. अस्वलाच्या तोंडाचा आतून काढलेला फोटो अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही. लायलला दाखवला. तो हसता हसता ट्रकला धरून उभा राहिला. म्हणाला, मार्लिसला पाठव, म्हणावं केक आवडला.

पाठवला नाही.

११ ऑक्टोबर, रविवार
नंबर दोन तयार. या वेळी काडतुसांची लोखंडी पेटी, वास नाही. जंगलात नेण्याआधी घरात चाचणी. फ्रिजच्या वर ठेवला, तोंड टेबलाकडे. सकाळपासून मी समोरच खुर्चीत होतो. मिलचा भोंगा आता होत नाही, तरी पाचला जाग येतेच. त्यामुळे चाचणी चांगली लांबलचक झाली. कार्डावर माझे निदान शंभर फोटो असणार.

१२ ऑक्टोबर
दोन. सकाळी खुर्चीकडे येताना एक आणि रात्री उठून जाताना एक. मधला पूर्ण दिवस गायब. सेन्सर झोपला होता. पहिला फार हुशार, दुसरा ठार मठ्ठ. ज्याने सेन्सर पाठवला त्याला कडक पत्र टाकलं. मी दिवसभर समोर हजर असताना तुमच्या मालाला मी दिसत नाही, याला काय म्हणायचं?

१६ ऑक्टोबर
त्याचं उत्तर आलं. सेन्सरला गरम वस्तू हललेली कळते. नुसती असलेली कळत नाही. आपण हललात का?

हा काय प्रश्न झाला? मी घरात होतो. माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात दिवसभर हलत बसतो का? ग्राहकाशी बोलायची पद्धत राहिली नाही. दुसरा सेन्सर मागवला, दुसऱ्या माणसाकडून.

२५ ऑक्टोबर, रविवार
लायल कुंपणावर भेटला. म्हणाला, काल दुपारी तुझा जावई तुझ्याच परसात उभा होता, मार्लिसच्या कोबीवर ताव मारत. तू कुठे होतास? मी ओढ्याकाठी होतो. लायल म्हणाला, बरोबर आहे, तू जंगलात गेलास की तो तुझ्या घरी येतो, त्याला तिथेच निवांत वाटतं. एकदा घरी थांबून बघ.

लायल चांगला माणूस आहे, पण त्याला जंगल कळत नाही.

१ नोव्हेंबर, रविवार
मार्लिसचा फोन. चौदा तारखेला, शनिवारी, दुपारी दोनला येते म्हणाली. त्याच्या पुढच्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतो, त्याच्या आधी. आर्डिसच्या घराजवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिला कायमचं काम देतायत. हो किंवा नाही सोमवारी सांगायचं आहे. म्हणाली, एलरॉय, मला काही नको, घर चकचकीत नको, फुलं नकोत. मी येईन तेव्हा तू घरात असलास आणि दोन वाक्यं बोललास, तर मी राहते. नाहीतर हिवाळ्याचा कोट घेऊन जाते.

मी म्हणालो, तुझ्यासाठी एक गंमत तयार ठेवतोय. ती म्हणाली, गंमत नको. तू रहा.

रहायचं काय त्यात. मी कुठे जातो?

७ नोव्हेंबर
जय्यत तयारी. भांडी घासायची, खिडकी पुसायची, दाढी करायची, जावयाचा फोटो मिळवायचा. फोटो सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून बाकीचं मागे ठेवलं आहे. फोटो दिसला की मार्लिस भांड्यांकडे बघणारच नाही.

नवा सेन्सर बसवला, नंबर तीन ओढ्याकाठी बांधला. सुरू होताना कॅमेरा टिंग वाजतो, त्याची तार कापली. आता चूक राहिलेली नाही.

१० नोव्हेंबर
नंबर तीनच्या कार्डावर: लायलचा कुत्रा, पाऊस आणि मी. माझे बरेच आहेत. वाकलेला, उभा, टोपी काढून डोकं खाजवणारा. पाठीमागून मी माझ्या वडिलांसारखा दिसतो. इतका उदास माणूस जंगलात कशाला येतो, असं हरणांना वाटत असेल.

१३ नोव्हेंबर
फोटो नाही. दाढी केली. भांडी अर्धी.

१४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
भांडी झाली. थोडं बर्फ भुरभुरतंय, म्हणजे जनावरं आज नक्की हलणार. दोनला मार्लिस येणार. मधे भरपूर वेळ आहे. ओढ्यावर जाऊन कार्ड काढून आणतो, एकपर्यंत परत. तोवर नंबर दोन रिकामा कशाला ठेवायचा? कार्ड साफ करून, नवी बॅटरी घालून फ्रिजवर चालू करून ठेवला. त्याला आणखी एक संधी.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
कार्डावर काही नव्हतं. मग वाटलं, तिथल्या माझ्या शिकारीच्या मचाणावर जरा बसावं, निदान डोळ्यांनी दिसला तरी सांगता येईल. बसलो. समोर ओढा होता. बर्फ पडत होतं. मधे एकदा घड्याळ बघितलं तेव्हा पावणेदोन झाले होते. आता उठायचं, असं ठरवलं. ठरवलेलं पक्कं आठवतंय. त्यानंतर अंधार पडला होता. झोप लागली नव्हती. बसलो होतो.

घरी आलो तर कोणी नाही. अंगणात चाकांच्या खुणा नाहीत, सगळीकडे सारखं बर्फ. म्हणजे मार्लिस आलीच नाही. रस्ते खराब असणार. बरं झालं, मीही उगाच वाट बघत बसलो असतो. जाळीवर एक कप धुऊन पालथा घातलेला होता. सकाळी मीच घातला असेन.

फोन करायला हवा. उद्या करतो.

१५ नोव्हेंबर, रविवार
फोन करायच्या आधी नंबर दोनचं कार्ड बघितलं. भरलेलं आहे.

पहिल्या फोटोत मार्लिस दारात, खांद्यावर बर्फ. फोटो एकदम स्पष्ट. मग ती टेबलाशी. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. मग कॅमेऱ्याच्या अगदी खाली, फक्त केस दिसतात. मग ती परत टेबलाशी आणि टेबलावर फ्रीझरमधलं पुडकं. शेजारी मोठं पातेलं. राजम्याचे दोन डबे ती बरोबर घेऊन आली होती.

त्यानंतर तिचे खूप फोटो आहेत. खिडकीशी. कॉफीच्या कपाबरोबर. दारात उभी, बाहेर बघताना. पुन्हा खिडकीशी. एका फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, फ्लॅश दिसला असणार. तोंड उघडं आहे. काहीतरी म्हणते आहे. काय ते कळत नाही. हा फोटो मी बराच वेळ बघितला.

मग कप धुताना. पातेलं दिसत नाही. पुडकं दिसत नाही. फ्रीझर उघडून बघितला, पुडकं होतं तिथे आहे. शेवटी कोट घातलेली, हातावर दुसरा, हिवाळ्याचा. डबे तिने घेतले नाहीत, ते कपाटात नीट ठेवलेले सापडले. माणूस तासा-दोन तासांत एवढा हलतो, हे लक्षात आलं नव्हतं.

त्या सेन्सरवाल्याची माफी मागायला हवी. सेन्सरमध्ये काही बिघाड नाही.

तिच्यानंतर कार्डावर दोनच फोटो आहेत, दोन्ही माझे. अंधारात येऊन खुर्चीकडे जाताना एक. रात्री उठून जाताना एक.