ग्लूमधला बुडबुडा

मॉन्ट्रियल, गुरुवार, १६ जानेवारी

आजचा ग्राफ फारच सुंदर आला, आणि तेच खुपतंय. चिलखताच्या प्लेटवर गोळी आदळली, पण धक्का पलीकडे पोचेपर्यंत जवळजवळ विरला. निदान आत चिकटवलेलं ऑप्टिकल फायबर तरी तसं सांगतंय. सांगता सांगता ते तुटतं, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारायची सोय नाही. आमचा ग्रुप लीडर मार्क स्क्रीन बघून फ्रेंचमध्ये ओरडलाच, "पारफे!" एकदम परफेक्ट.

पण शॉटच्या आधी मायक्रोस्कोपखाली मला फायबरच्या टोकाशी, ग्लूमध्ये, काहीतरी दिसलं होतं. तेव्हा वाटलं, लेन्सवरची धूळ. आता वाटतंय, बुडबुडा होता. मग धक्का फायबरपर्यंत नीट पोचलाच नसेल तर? विरला कसला, कळलाच नसेल!

मार्कला सांगितलं. "फोटो आहे?" नाही. प्लेटचा भुगा झालाय. बुडबुडा आता फक्त माझ्या डोळ्यांत. खरंच दिसला होता ना? हो. दिसला होता.

घरी नवरा, मंदार, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आला, तर त्याच्यासमोरही तेच पुराण. बूट काढत म्हणाला, "केवढा होता?"

"केसाएवढा."

"अगं, मग कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

उद्या मार्ककडे उरलेली दुसरी प्लेट मागणार, पुन्हा शॉट घ्यायला. क्लायंटला दाखवायला ठेवलीय म्हणून चिडेल. चिडू दे.

आमचं फायबरही केसाएवढंच आहे. आणि त्याच्या भरवशावर कुणीतरी तशी प्लेट छातीला बांधून बॉम्ब निकामी करायला जाणार आहे.