समुद्र पूर्वेला

मंगळवार, १० ऑक्टोबर १९८९, रत्नागिरी

उद्या मेहुणा बोटीवर परत जाणार. माझ्या कॉम्प्युटरसाठी त्याने आणलेल्या जादू-राक्षसांच्या तीन खेळांतला एकच मला ठेवायचाय. कुठला? पहिल्यात एकच वाट. सांगितल्या दारातून जायला मी काय बैल आहे? दुसऱ्यात चौघांची टोळी. तिघांच्या चुका निस्तरायच्या मीच. तिसऱ्यात वाटेल तिकडे हिंडा. आठ दिवस खपून त्याचा नकाशा काढला, तर समुद्र पूर्वेला! करणाऱ्याला दिशासुद्धा कळत नाहीत. बाद.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, खेळ आहे हो तो!"

"खेळ असला म्हणून समुद्र पूर्वेला?"

सुरमई कापता कापता ही म्हणाली, "अहो, आपल्या समुद्राच्या पलीकडे जो राहतो, त्याला समुद्र कुठे दिसत असेल?"

पूर्वेला. जन्म किनाऱ्यावर गेला, कॉम्प्युटर कुणी न शिकवता शिकलो, आणि एवढं सुचू नये?

तिसराच ठेवला. मेहुण्याला सांगितलं, नकाशा मी पुन्हा तपासला, समुद्र बरोबर आहे. जेवताना हिने सुरमईचा मधला तुकडा भावाच्या ताटात वाढला. मला शेपटी.