टोक बोचलं की टाक

आई, आज रोह्याच्या बाजारात टाकळ्याची जुडी हातात घेतली आणि विकणारीसमोरच एकेक पान चाचपत बसले. "ताजी हाय मावशी, काय बघता एवढं?" ती वैतागली. मी बघत नव्हतेच, तुझं ऐकत होते, हे तिला काय सांगणार?

तू झाडं फुलांवरून कधी ओळखली नाहीस. फूल येईस्तोवर भाजी जून होते, म्हणायचीस. गागोद्याच्या माळावर मी तुझ्या पाटीत चुकून रानटाकळा खुडून टाकला, तो दिवस आठवतो. पेणच्या बाजाराची वेळ टळत होती, तरी तू सगळी पाटी तिथेच उपडी केलीस. "लोकं आपल्या हातावर भरोसा ठेवून खातात," म्हणालीस आणि मला समोर बसवलंस. "डोळे मीट गो. आता बोट फिरव. टोक गोल लागलं तर आपला टाकळा. बोचलं तर रानातला, तो आपला नाय. टाक." मी रडत रडत पानं चाचपते आहे आणि तू माझ्या ढिगातली चुकलेली पानं बाजूला काढते आहेस. रागावली होतीस, पण पदराने माझं नाकही पुसलंस.

मग ते शेवटचं दुखणं. कंपनीतली शिफ्ट संपवून मी तशीच दवाखान्यात आले. तुला दिसत नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती. मी माझा हात तुझ्या हातात दिला. तू एकेक बोट चाचपलंस, बुंध्यापासून टोकापर्यंत, अगदी सावकाश. मला वाटलं, ओळखलंस. माझ्या नखांशी येऊन थांबलीस. "टोक बोचतंय. आपला नाय हा. टाक गो," म्हणालीस आणि माझा हात पलंगावरून ढकलून दिलास. घरी जाऊन मी नखं कापली. सकाळी आले तोवर तू गेली होतीस.

ते ढकलणं अजून अंगावर येतं. भांडी घासताना, कुणाशी हसून बोलताना, मध्येच. आपला नाय. मी स्वतःला समजावते की तू तेव्हा दवाखान्यात नव्हतीसच, माळावर होतीस, आणि जिला 'गो' म्हणालीस ती शेजारी पाटी धरून बसलेली लहानपणीची मीच. तसं असेलही. पण मग तुझ्याजवळ ती होती, मी नव्हते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते: त्या पोरीचा मला फार हेवा वाटतो, आई.