दुसरा जॅक

मी, ट्रक-मेकॅनिक, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी सगळं चालू स्थितीत आणि डोकं ठिकाणावर (बायकोची हरकत नोंदवून), कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचं रद्द समजावं; ते रागात केलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव बायकोला. चाळीस वर्षं तिने माझे ग्रीसचे कपडे धुतले, तेही मला ऐकू जाईल असं बोलत.

२. पान्यांचा संच मुलीला. जावयांना हात लावू देऊ नये. ते नट उलटा पिळतात आणि वर म्हणतात, "जाम आहे."

३. गॅरेज धाकट्या भावाला. तो रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज चालवतो आणि एकोणीस वर्षं आमचं बोलणं नाही. त्याचं कारण मी आजवर सगळ्यांना खोटं सांगितलं, म्हणून इथे खरं लिहितो.

खडीवाल्याच्या ट्रकचे मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर झिजले होते. नवे मागवायचे तर रेशो हवा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा. अ‍ॅक्सलवरची पट्टी गंजून गेलेली. मी एक चाक जॅकवर घेतलं, खडूने खुणा केल्या, चाकाला एक फेरा दिला आणि शाफ्टचे फेरे मोजले. सव्वातीन.

धाकटा म्हणाला, "दादा, दुसरं चाक जमिनीवर आहे. शाफ्ट निम्माच फिरणार. दोन्ही उचलू या."

गिऱ्हाइकासमोर! मी म्हणालो, "तुला पाना धरायला कोणी शिकवलं?"

"तूच."

"मग गप बस."

सव्वातीनचे गिअर बसवले. भरलेला ट्रक पहिल्याच चढावर दमला आणि मागे येत भिंतीत शिरला. खडीवाल्याने विचारलं, चूक कोणाची? मी म्हणालो, "धाकट्याने मोजलं." तो शेजारीच उभा होता. दोनपैकी आपल्या वाटणीचा जॅक उचलून पलीकडे गेला. पुढे वर्षभर एकही ट्रकवाला त्याच्या दारात फिरकला नाही.

माझी चूक मला त्याच दिवशी कळली होती. लाज वाटते, पण लिहितो.

४. कलम ३ गॅरेजसमोर मोठ्याने वाचावं. खडीवाल्याला पुढे बसवावं, त्याला कमी ऐकू येतं.

५. तो ट्रक खडीवाल्याने माझ्याच गळ्यात मारला. जुने गिअर परत घालून आवारात उभा आहे. मृत्युपत्रात तरी खरा आकडा असावा म्हणून परवा मोजायला घेतला. माझ्याकडे जॅक एकच. शेजारच्या टायरवाल्याला पलीकडे धाकट्याकडे पाठवलं, म्हटलं माझं नाव घेऊ नकोस. तो जॅक घेऊन आला, सोबत एक नवा खडू.

"खडू कोणी मागितला?"

"त्यांनीच दिला. म्हणाले, दोन्ही चाकं एकदम फिरवायची असतात, एकट्याला जमणार नाही."

एक चाक टायरवाल्याने धरलं, एक मी. साडेसहा. मला रडू आलं. टायरवाल्याला सांगितलं, डोळ्यात ग्रीस गेलं.

६. हा जॅक माझ्या मालमत्तेत धरू नये. बायको म्हणते, "मेल्यावर कबूल करून काय उपयोग? रस्ता बारा पावलांचा आहे." सह्या झाल्या की मीच परत द्यायला निघतो. वाटेत काही झालं तर कलम ३ वाचावं. पोचलो तर तोंडानेच सांगेन.

स्थळ: माझं गॅरेज. दिनांक: ९ मार्च.
सही: थोरला

साक्षीदार: १. टायरवाला २. वकिलांचा कारकून
वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. सही करताना ते उभेच होते, पायात चपला आणि डाव्या हातात जॅक.