लॉबीचे कोपरे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

पिवळ्या-काळ्या पट्ट्या! आमच्या लॉबीत!

सोसायटीचे अध्यक्ष मेहराजी लिफ्टपाशी भेटले. "मॅडम, कोनों पे पार्किंगवाला रबर लगवा देते हैं, टेंशन खतम." सामान हलवणाऱ्यांच्या ट्रॉल्या आपटून भिंतींचे कोपरे फुटलेत, पट्ट्या लावायला हव्यात, सगळं मान्य. पण आत्ता दिवाळीआधी सायीसारखा रंग दिलाय, पितळी दिवे लावलेत. तिथे रबर? गुरुग्राममध्ये सव्वीस वर्षं लोकांची घरं सजवली मी. आणि माझ्याच इमारतीत हे ऐकायचं!

६ नोव्हेंबर

दिल्लीला जाऊन कीर्तिनगरच्या दुकानांतून पट्ट्यांचे नमुने आणले. घसा धुराने बसलाय. स्टीलची पट्टी बघून हॉस्पिटल आठवतं. लाकडी छटेची म्हणजे प्लास्टिकने घेतलेलं सागाचं सोंग. शेवटी सापडली! अगदी भिंतीच्या रंगाची, बिनचकाकीची, दोन इंची. कोपऱ्यावर धरली तर दिसतच नाही. हीच.

९ नोव्हेंबर, रविवार

हरले. सोसायटीच्या मीटिंगला सातच जण, चार विरुद्ध तीन. मेहराजींनी रबर सोडलं, पण ठरल्या गडद चॉकलेटी!

आणि चौथा हात कुणाचा? यतीनचा. माझ्या नवऱ्याचा! एरवी मीटिंगला येत नाही, आज मुद्दाम आला. "कोपरा भिंतीपेक्षा वेगळा दिसायला हवा," म्हणे. मेहराजी खूश — "देखिए मॅडम, घरवाले भी हमारे साथ!" सगळे हसले.

घरी आल्यावर विचारलं, का केलंस असं? "मला तसं वाटलं." पेपर तोंडासमोर धरून बसला.

१० नोव्हेंबर

 यतीनला डबा दिला नाही. कँटीनमध्ये जेवू दे.

१४ नोव्हेंबर

तीन दिवस दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. साठ फ्लॅट, एकेचाळीस सह्या! पाचव्या मजल्यावरच्या विजयाताई म्हणाल्या, "अगं, त्या चॉकलेटी म्हणजे भिंतीला सुतक!" त्यांनी सही तर केलीच, वर चहा पाजला.

यतीन म्हणतो, "हेमांगी, जाऊ दे ना. पट्ट्याच तर आहेत."

पट्ट्याच आहेत ना? मग माझ्याविरुद्ध हात कशाला वर केलास? हे मी मोठ्याने विचारलं. तो उठून बाल्कनीत गेला. अशा वेळी याला बाल्कनी बरी सुचते!

१६ नोव्हेंबर, रविवार

मेहराजी नमले. "आप ही सँभालिए, मॅडम." सँभालूंगी!

२१ नोव्हेंबर

लावून झाल्या. सोळा कोपरे. कारागिरांच्या डोक्यावर उभी राहून एकेक सरळ करून घेतला. विजयाताई खाली आल्या, चौफेर बघून विचारतात, "पट्ट्या कधी लावणार गं?" — याहून मोठी शाबासकी नाही!

यतीन ऑफिसातून आला. "छान झालंय," म्हणाला. नीट बघितलंसुद्धा नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दूध आणायला गेलेला यतीन लॉबीतल्या कोपऱ्यावर आपटला. भर उजेडात. भुवई फुटली, दोन टाके.

दवाखान्यातून परतताना कॅबमध्ये हळूच म्हणाला, "मला बाजूचं दिसत नाही गं. समोरचं तेवढं दिसतं. काचबिंदू आहे. मार्चमध्येच कळलं." भिंत कुठे संपते तेच आता त्याला कळत नाही. गडद पट्टी असती तर कळलं असतं.

मार्चपासून एकटा डॉक्टरकडे जातोय. एकटा!

"इमारतीत कुणाला सांगू नकोस," म्हणाला. नाही सांगणार. उद्या मेहराजींकडे जाऊन म्हणेन, उतरवा सगळ्या, चॉकलेटी लावा. कारण विचारतील. माझी निवड चुकली म्हणेन. हसू देत.